वय चोरणारं देऊळ

जुन्या इमारतींचं जतन या विषयात मी पदव्युत्तर पदवी घेतली आहे, असं सांगितलं की लोक आधी आदरानं पाहतात आणि मग विचारतात, "म्हणजे नेमकं करता काय?" नेमकं असं करतो की, जी भिंत पाहून शहाणा माणूस चार हात लांबून जातो, तिच्या बरोब्बर खाली आम्ही टेप धरून उभे राहतो. पहिल्या वर्षी भिंत मोजायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी, मोजलेली भिंत पडू नये म्हणून काय करायचं ते शिकवतात. मधल्या सुट्टीत ती पडली, तर तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

घरी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी घास हातातच ठेवला. "इतके वर्ष नवीन घरं बांधायले शिकली. आता जुनी घरं हायेत तशीच ठेवायले शिकनार. म्हनजे काहीच न करायची डिग्री हाये का वो हे?"

त्यांचंही बरोबर होतं. आम्ही चंद्रपूरचे. अख्ख्या शहराभोवती गोंड राजांचा परकोट उभा आहे आणि आमच्या लेखी परकोट म्हणजे बकऱ्या चढायची, गोधड्या वाळवायची आणि निवडणुकीत पोस्टरं डकवायची जागा. तो बघायला कोणी फी भरून शिकतं, हे त्यांना मी परक्या मुलखात जाऊन दगड खाते म्हणण्यासारखं वाटलं. मे महिन्यात आमच्याकडे सावलीसुद्धा झाडाखाली जाऊन बसते. अशा उन्हात जी भिंत टिकली तिला आणखी कोणी काय टिकवायचं, असा एकूण सूर.

प्रबंधाची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी राजवाडे निवडले. राजवाड्यात पंखा असतो, चहा मिळतो, कधी कधी राजाही मिळतो. मी मात्र तोंड उघडलं. "सर, आमच्याकडे तर दगड उचलला की खाली देऊळ निघतं." आमचे गाइड सर अतिशय शांत माणूस. ते म्हणाले, "मग एक घेऊन या."

तर त्या एका वाक्यामुळे मी गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या प्रसिद्ध देवळांच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात जाऊन पडले. देऊळ होतं, देवाची कृपा. महादेवाचं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं, आणि नदीकडे किंचित कललेलं. एसटीची वाट पाहणारा माणूस रस्त्याकडे मान काढतो तसं. सरकारच्या कुठल्याही यादीत ते नव्हतं. कोणी त्याला टेप लावलेली नव्हती. मी पहिलीच.

पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर मी विचारलं, "देऊळ कधीचं हाये?" आणि टपरीत चढाओढ लागली.

पोलीस पाटील म्हणाले, "राक्षसानं बांधलं, मॅडम. मार्कंड्याचं बांधायच्या आधी हात बसवायले म्हनून त्यानं आमचं बांधून पाह्यलं."

किराणा दुकानवाल्या भाऊंना हे कमी वाटलं. "हात बसवायले काऊन? आमचं अस्सल. मार्कंड्याचं आमच्यावरून पाहून केलेलं हाये."

पुजाऱ्यांनी शांतपणे बिडी विझवली. "वर्ष विचारू नका. वर्षं मोजनं सुरू व्हायच्या आधीचं हाये हे."

हा राक्षस गावाच्या फार कामाचा होता, हे मला मग कळलं. महाशिवरात्रीला पहिला नारळ कोणी फोडायचा, यावरून पूर्वी त्या गावात डोकी फुटायची, नारळ बाजूलाच राहायचा. पाटलाचं घराणं म्हणे आमचा मान, पुजाऱ्याचं म्हणे आमचा, दुकानवाल्यांचं म्हणे नारळ आमच्याच दुकानातला. शेवटी कोणातरी थकलेल्या माणसानं तोडगा काढला: देऊळ राक्षसानं बांधलं, राक्षसाला पोरंबाळं नाहीत, म्हणून मान कोणाचाच नाही. त्या दिवशी जो परका माणूस गावात असेल त्याच्या हातात नारळ द्यायचा. एका वर्षी म्हणे एसटीच्या कंडक्टरनं फोडला, एका वर्षी भांडी विकायला आलेल्या बाईनं. सरकारनं तंटामुक्ती समित्या काढल्या त्याच्या कितीतरी आधी या गावानं राक्षसाला अध्यक्ष करून टाकलं होतं.

माझा मुक्काम देवळाशेजारच्या एका बाईंकडे. गावात सगळे त्यांना बाईच म्हणत, मीही म्हणू लागले. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी त्यांचं घरकुल चाललं होतं. भिंती उभ्या होत्या, स्लॅब बाकी होता. तोवर बाई गोठ्यात राहत. म्हणजे मीही गोठ्यात. एका अंगाला मी माझ्या टेपा, ओळंबे आणि कागदांच्या गुंडाळ्यांसह. दुसऱ्या अंगाला दोन बैल, ज्यांना पदव्युत्तर शिक्षणाबद्दल काडीची आस्था नव्हती. त्यातल्या एकानं गाभाऱ्याचा माझा पहिला आराखडा खाल्ला. तो चुकीचाच होता, पण त्याला ते माहीत नव्हतं.

बाईंचा पोरगा लाखोळीच्या पिकाच्या राखणीला शेतातच झोपे. त्याचं लग्न ठरलं होतं. पोरीच्या बापानं एकच अट घातली होती: आधी स्लॅब, मग हळद. गोठ्यात पोरगी देत नाही. त्यामुळे गावात कोणी "काय बाई, कसं चाललं?" असं विचारलं तरी बाई "स्लॅबचं पाहून राह्यली" एवढंच सांगत. त्यांच्या बोलण्यात, जेवण्यात आणि मला वाटतं स्वप्नातही स्लॅब होता. मला अंबाडीची भाजी वाढताना त्या भाताचा ढीग करत, मग उलथन्यानं त्याचा माथा सपाट करत आणि म्हणत, "असा."

इतकं सगळं छान चाललेलं असताना मी विद्वत्ता दाखवायला गेले.

देवळापुढे लोक जमले होते. ओळंबा सोडून देऊळ किती कललं ते मी दाखवत होते, आणि ओळंबा पाहायला गर्दी जमतेच. आमच्या भागात कोणी काही दोरीला बांधून लोंबकळत धरलं की माणसं थांबतात. गर्दी पाहून मला चेव आला. मी सांगितलं, "हे असं देऊळ म्हनजे सोनं हाये. सरकारनं संरक्षित केलं ना, तं शंभर मीटरच्या आत कोनाले नवीन वीट ठेवता येत नाई!"

टाळ्या पडल्या नाहीत. सगळ्यांच्या माना आधी देवळाकडे, मग बाईंच्या घराकडे, मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. देवळातून नारळ फेकला तर तो बाईंच्या अंगणात पडेल, आणि जरा जोर लावला तर चुलीवरच्या गंजात. मोजायची गरजच नव्हती, पण हातात टेप असल्यानं सगळ्यांना वाटलं मी मोजूनच आले आहे.

"माहं घर?" बाईंनी विचारलं.

मी घाईघाईनं सांगितलं की संरक्षित वगैरे सरकार करतं, मी नाही, मी नुसता प्रबंध लिहिते, आणि प्रबंध तर कोणी वाचतही नाही.

"मंग काऊन लिहून राह्यली?"

"डिग्रीसाठी."

"अन् डिग्री कायले पायजे?"

"अशा देवळांना सरकारचं संरक्षण मिळवून..." इथे मी थांबले, पण उशीर झाला होता. आजवर तोंडी परीक्षेत माझी इतकी छान कोंडी कोणी केली नव्हती.

बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं. त्या दिवशी भात नेहमीसारखा वाढला, फक्त माथा सपाट केला नाही. बैलांना पाणी पाजता पाजता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुह्या दगडाले छप्पर हाये पोरी. माह्या पोराले नाई." यावर आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. मी शोधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेले तर देऊळ तरुण झालेलं.

पोलीस पाटलांनी मला बाजूला घेतलं. "तसं पाह्यलं तं मॅडम, देऊळ काई जुनं नाई."

"पाटील भाऊ, काल तं राक्षसानं बांधलं होतं."

"राक्षस म्हनजे माहा आजा. भल्ला उंच होता. दारातून वाकून जाये. लोकं त्याले राक्षसच म्हनत."

वाटेत दुकानवाले भाऊ भेटले. त्यांनीही मला बाजूला घेतलं. दगड त्यांच्या आजोबांच्या बैलबंडीतून आले होते, पायाही आजोबांनीच घातला, आणि काळा रंग म्हणाल तर तो धुराचा आहे, मॅडम, जुनेपणाचा नाही. पुजाऱ्यांनी मला देवळाच्या मागे बाजूला घेतलं. तिथे त्यांचा आजा निघाला. त्यानं तर एकट्यानं बांधलं होतं, शेतीची कामं सांभाळून.

मला गावाची नियत कळली आणि खरं सांगते, ऊर भरून आला. एका बाईचा स्लॅब पडावा म्हणून अख्खं गाव आपल्या देवाचं वय चोरायला निघालं होतं. लग्नाच्या बाजारात पोरींचं वय चोरतात, नोकरीत बापेमाणसं चोरतात, पण महादेवाचं वय चोरणारं गाव मी तरी दुसरं पाहिलं नाही. शिवाय देवळाच्या उंबऱ्याला दोन गुलाबी टाइल्स लावलेल्या. कोणाच्या तरी न्हाणीघरातून उरलेल्या, त्यांवर बदकं. "टाइल लावली की कोन म्हनन जुनं?" असं दुकानवाले भाऊ अभिमानानं म्हणाले. सिमेंट ओलं होतं म्हणून बरं. मी रडत नव्हते, पण ज्या वेगानं मी त्या टाइल्स उचकटल्या तो पाहून पुजारी दोन पावलं मागे सरले. एक बदक आजही माझ्या टेबलावर आहे.

आता माझी पंचाईत पाहा. गाइड सर आणि बाहेरचे परीक्षक जागेवर पाहणीला येणार होते. देऊळ जुनं ठरलं नाही तर मी पाटलाच्या आज्याच्या बांधकामावर प्रबंध लिहिलेला, म्हणजे डिग्री वैनगंगेत. आणि जुनं ठरलं तर बाई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहतील ती नजर. दोन्ही बैल त्या दिवसांत माझ्यापेक्षा निवांत रवंथ करत होते.

परीक्षक आले ते गाडीतून उतरतानाच "वा, वा" करत. गोल चेहऱ्याचा, हसतमुख, पांढऱ्या टोपीचा माणूस. त्यांनी देवळावरून हात फिरवला आणि जमलेल्या गावाला विचारलं, "काय हो, कधीचं आहे हे?"

गावाचं ठरलेलं होतं: तरुण सांगायचं. पण कोणी सांगायचं आणि कोणाचं नाव घ्यायचं, हे ठरायचं राहून गेलं होतं. मला प्रत्येकानं बाजूला घेऊन सांगितलेलं ना. एकमेकांना कोणीच सांगितलेलं नव्हतं.

पाटील पुढे झाले. छाती काढून म्हणाले, "माह्या आज्यानं बांधलं, साहेब."

पुजाऱ्यांची मान गर्रकन वळली. "कोनाच्या आज्यानं?"

"माह्या."

"तुह्या आज्याले गोठ्याची भिंत सरळ बांधता नाई आली, अन् देऊळ बांधते! माह्या आज्यानं बांधलं."

"दोघंही चूप बसा गा," दुकानवाले भाऊ मध्ये घुसले, "दगड कोनाच्या बंडीतून आले ते विचारा!"

"बंडी तुही, पन बैल आमचेच ना?" पाटील ओरडले.

गर्दीतून कोणीतरी मुद्द्यावर बोट ठेवलं. "म्हनजे यंदापासून नारळ पाटील फोडनार का?"

एवढा एक शब्द पुरे झाला. नारळ! इतक्या वर्षांचं मुरलेलं भांडण, ज्यावर राक्षस बसवून ठेवला होता, ते झाकण उडून बाहेर आलं. बाया बोलू लागल्या, म्हातारे काठ्या आपटू लागले, कुत्री भुंकू लागली, नदीवरचे बगळे उडाले. मला तर वाटलं देऊळही आणखी थोडं कललं, नीट ऐकू यावं म्हणून. परीक्षक साहेब सभामंडपाच्या खांबामागे गेले. मी त्यांना सांगितलं, "सर, काळजी नका करू, स्थानिक इतिहास आहे."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्याच्या आज्याला मान जाऊ नये म्हणून प्रत्येकानं आपला आजा मागे घेतला. "तुहा आजा नाई, माहाही नाई! राक्षसानं बांधलं!" पुजारी ओरडले. "हाव, राक्षसानंच!" पाटील त्याहून मोठ्यानं. "मार्कंड्याच्या आधी!" दुकानवाले. "वर्षं मोजनं सुरू व्हायच्या आधी!" सगळं गाव. आजे गेले, राक्षस आला, शांतता झाली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडलं की आपण काय करून बसलो.

बाई चुलीपुढून उठून आलेल्या, हातात उलथनं. त्यांच्या मागे त्यांच्या चार भिंती, वर उघडं आभाळ.

"राक्षसानं बांधलं ना?" त्यांनी पाटलांना विचारलं.

"हाव," पाटील मान खाली घालून म्हणाले.

"मंग त्याले जेवाले कोनं घातलं?"

पाटलांनी पुजाऱ्यांकडे पाहिलं.

"येवढाले दगड उचलून राह्यला, उपाशी उचलले का त्यानं? इथी बाजूले दुसरं घर कोन्तं होतं? आमचंच. आमच्याच घरी जेवला थो. म्हनजे घर आधी अन् देऊळ मंग. विचारा कोनालेही."

परीक्षकांनी खांबामागून मान काढली. गाव खोटं बोलायची नवी, प्रशस्त, सगळ्यांना पुरेल अशी जागा सापडल्यासारखं एकदम तुटून पडलं. जेवू घालण्यात नारळाचा मान नव्हता, त्यामुळे कोणाचीच हरकत नव्हती. "खरं हाये साहेब, सोजीची खीर खाये थो." "पोतंभर भात लागे त्याले." पुजारी तर म्हणाले, राक्षसानं हात पुसले तो दगड अजून आहे, दाखवतो.

"पण घर तर आत्ताच बांधलेलं दिसतंय," परीक्षक म्हणाले.

"भिंती नव्या हायेत. घर थेच हाये," बाई.

परीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या नकाशात हे घर काय म्हणून दाखवलंय?"

नकाशात त्या जागी मी पेन्सिलीनं 'नवीन बांधकाम' लिहिलं होतं. नकाशा उघडता उघडता मी त्यावर अंगठा ठेवला. देवाच्या दयेनं आमच्या भागात घामाची टंचाई नाही. अंगठा इकडून तिकडे असा फिरवला की 'नवीन' कुठे गेलं ते त्या पेन्सिलीलाही कळलं नसतं. "जुनी वस्ती आहे सर," मी म्हणाले, "दुरुस्ती चालू." आणि हे काही अगदीच खोटं नव्हतं. भिंतींखाली जुन्या घराचा दगडी चौथरा तसाच होता, मी त्याच्यावर बसून रोज दात घासत होते. मी तो दाखवला. गाइड सर माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. शांत माणूस.

परीक्षक चौथऱ्याभोवती एक चक्कर मारून आले. मग बाईंना म्हणाले, "बाई, या मुलीच्या अभ्यासामुळे कोणी तुमचं घर थांबवणार नाही. तो अधिकार हिला नाही, मलाही नाही. आणि पुढेमागे सरकारनं देवळाकडे पाहिलंच, तर इथे आधीपासून घर होतं हे कुठेतरी लिहिलेलं असावं." मग मला म्हणाले, "चौथराही मोजा. शाईनं लिहा."

बाईंनी एवढंच विचारलं, "म्हनजे स्लॅब टाकू?"

"टाका."

त्या दिवशी परीक्षकांना जे जेवण वाढलं त्याचं वर्णन करायला मला वेगळा प्रबंध लागेल. भाताचा माथा सपाट होता.

स्लॅबच्या दिवशी गाव घमेली घेऊन रांगेत उभं राहिलं. पाटील, पुजारी आणि दुकानवाले शेजारी शेजारी, एकमेकांच्या आज्यांची चौकशी करत. मीही रांगेत होते. आमच्या विषयात सिमेंटचं नाव काढलं तरी चूळ भरायला लावतात, पण मी घमेली पोहोचवली आणि वरच्यांचा दोनदा ओरडाही खाल्ला.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप आला. तो आधी टपरीवर थांबला होता, तिथेच त्याला सगळं कळलं. अंगणात येऊन, बसायच्या आधीच, त्यानं तोंड वाकडं करून विचारलं, "काऊन वो बाई, घर राक्षसाच्या आधीचं हाये म्हन्ते? तुमी तं नवीन सांगतलं होतं."

आता पंचाईत बाईंची. नवीन म्हणावं तर नकाशा, जुनं म्हणावं तर सोयरीक. अंगणात जमलेलं सगळं गाव एका तालात माझ्याकडे वळलं.

"मॅडमले विचारा," पाटील म्हणाले. "त्यांच्यापाशी वय सांगायची डिग्री हाये."

डिग्री अजून हातात पडायची होती, पण ती वेळ हे सांगायची नव्हती. मी उठले. गंभीर चेहऱ्यानं ओळंबा काढला, भिंतीला लावला, थोडा वेळ उगाच धरून ठेवला. भिंतीवर टिचकी मारली, कान लावून ऐकलं. पोरीचा बाप टोपी काढून उभा. मग मी शिडीवरून वर जाऊन स्लॅबवर बोट टेकवलं आणि ते बोट खाली आणून त्याच्या नाकापुढे धरलं.

"भाऊ," मी म्हणाले, "अजून ओला हाये."

त्यानं बोट पाहिलं, स्लॅब पाहिला आणि खाटेवर बसला. बाईंनी चहा टाकला.

"जागा मात्र जुनी हाये हो," आतून बाईंचा आवाज आला. "पोरीले राक्षस नाई भेटनार. पन भात लय रांधा लागन, ते आधीच सांगून ठेवा."